सर्पगंधेची मुळी आणि थरथरणारे हात

आज गोष्ट एका मुळीची, आणि तिच्या मागून आलेल्या गोळ्यांची.

सर्पगंधा आपल्या वैद्यांना शेकडो वर्षं माहीत होती. झोप उडाली, माणूस बिथरला की तिच्या मुळीची पूड द्यायचे. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या पुडीनं वेडही शांत होतं आणि चढलेला रक्तदाबही उतरतो. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी आपल्या रुग्णांचा अनुभव इंग्रजी वैद्यकीय मासिकात छापला, तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतलं रेसरपिन वेगळं काढलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन मनाच्या आजारावर वापरायला लागले. कोंडून ठेवलेली माणसं घरी यायला लागली, हे लहानसहान काम नव्हे.

पण लवकरच दिसलं, की काहींचे हात थरथरतात, चाल आखडते. या गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्या काहींचं तोंड चघळल्यासारखं आपोआप हलतं, जीभ बाहेर येते. 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तर उठून हिंडू लागले. मेंदूतलं डोपामिन कमी पडलं की अंगाची हालचाल बिघडते, हे त्यातून कळलं. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे हे एल-डोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही असतं. म्हणून घरी बिया कुटून द्यायच्या नाहीत हं!

आता आपल्या घरातलं बघा. काळजी, धडधड यांवरच्या काही जोडगोळ्यांतही याच गटातलं औषध मिसळलेलं असतं. ते सुरू झाल्यावर काही बायांना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, आत नुसती तगमग. घरचे म्हणतात, हिची काळजी वाढली. डॉक्टरांना नीट सांगितलं नाही तर गोळीही वाढते, आणि तगमग आणखी. कुणी भानामती म्हणून बाबाकडं नेतं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

गोळी एकदम बंद करू नका, त्यानं त्रास उसळतो. गोळीची पट्टी जपा, कधी सुरू केली आणि हालचाल कधी दिसली ते लिहा, मोबाइलवर चित्रण करा, आणि हे सगळं घेऊन डॉक्टरांकडं जा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. मान अचानक वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ ओढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इंजेक्शननं बहुतेकदा लवकर सुटतं. ताप येऊन अंग ताठलं तर थांबूच नका.

काळजीनं थरथर वाढते, थरथर बघून काळजी. चारचौघींत हात लपवत बसलं की दोन्ही वाढतात. गटाच्या बैठकीत एकदा सांगून टाकलं, की हे औषधानं होतंय, तर निम्मा भार उतरतो. झोपेत ही हालचाल बहुधा थांबते, तेव्हा रात्रीची झोप सांभाळा, चहा कमी करा. बोलायला कुणी नसेल तर सरकारचा टेली-मानस, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात.