जात्याचं कूळ

भोरजवळच्या भाटघर धरणाला नावांची कधी वाण पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेळवंडी नदीवर पहिलं धरण झालं, तेव्हा त्यामागच्या तलावाला व्हायटिंग या इंग्रज अभियंत्याचं नाव मिळालं. १९२८ मध्ये पुरं झालेल्या मोठ्या धरणाला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव दिलं गेलं. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो, आणि येसाजी याच भागातल्या भुतोंड्याचे, म्हणून तिन्हींत ते नाव शोभतं हे खरं. पण मैलाहून थोडी लांब आणि १९० फूट उंच अशा या भिंतीत दोन कोटी घनफुटांहून अधिक दगडी बांधकाम आहे. तेवढा काळा पाषाण डोंगराच्या अंगातून ज्यांनी फोडून काढला, त्यांच्या वाट्याला कोनशिला आली नाही. ही उणीव एका धरणापुरती असती तर तिची एवढी दखल घ्यायचं कारण नव्हतं. त्याच जातीच्या दगडाची आणि त्याच कसबाची एक लहान वस्तू भोर-वेल्ह्याच्या घराघरात होती, ती म्हणजे जातं. जात्यावर मराठीत उदंड लिहिलं गेलं आहे, मात्र ते जवळपास सगळं ओवीपासून सुरू होतं, जणू जातं माजघरातच उगवलं. माझं म्हणणं असं की जात्याचं कूळ सांगायचं तर ते खाणीपासून सांगावं लागतं, आणि खाणीतली माणसं त्या वारशाची वाटेकरी आहेत, नुसती पुरवठादार नव्हेत.

पहिला पुरावा दगडच देतो. सह्याद्रीचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे आहेत. राजगड-तोरण्याच्या कड्यांवर लांबून दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे तेच थर. प्रत्येक थरात दगड एकसारखा नसतो. कुठे तो घट्ट, काळाभोर, घणाखाली खणखणणारा असतो, तर कुठे वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला. युरोपात जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातला मायेन गावचा जाळीदार लाव्हा जात्यांसाठी शतकानुशतकं खणला गेला आणि ऱ्हाइन नदीतून दूरवर गेला. त्याचं कारण असं की दगड झिजला की नवी भोकं उघडी पडतात, त्यांच्या कडा धान्य कापतात, आणि जातं आपोआप धारदार राहतं. दख्खनच्या जाळीदार खडकात ही सोय फारशी नाही. त्याची भोकं बहुधा पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. ती खनिजं ठिसूळ, सुटून पिठात यायची, आणि भाकरीत कचकच कोणाला हवी असते? म्हणून इथे घट्ट काळा दगड निवडला गेला. तो टिकतो, पण घासून गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत जात्यात नाचणीसारखा बारीक, कडक दाणा नुसता घरंगळतो. अशा वेळी टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने ठोके देऊन दोन्ही दगडांची तोंडं पुन्हा खरबरीत करावी लागतात. टाकी लावल्यावर आधी थोडा कोंडा दळून टाकून द्यायचा आणि मगच खायचं पीठ काढायचं, ही रीतही त्या कचकचीपायीच. एकदा विकत घेऊन मोकळं व्हावं अशी ही वस्तू नव्हती. दगड फोडणाऱ्याचं कसब तिला जन्मभर लागत राहिलं, आणि ही गरज खडकाने निर्माण केली, रूढीने नव्हे.

गोल फिरणारं जातं या देशात अनादि काळापासून आहे अशी समजूत असते, ती उत्खननांपुढे टिकत नाही. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या काळी दळण होई ते खोलगट पाट्यावर दगड मागेपुढे घासून. दोन दगडांचं फिरतं जातं महाराष्ट्रात सातवाहन काळाच्या आसपास दिसू लागतं. नेवाशाच्या उत्खननाचे धुरीण ह. धी. सांकळिया यांनी १९५९ मध्ये या फिरत्या जात्यांवर स्वतंत्र लेख लिहिला होता. ही कल्पना रोमन व्यापाराबरोबर आली असावी असा एक तर्क आहे. तो खरा ठरला तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. कल्पना समुद्रावरून येऊ शकते, पण दोन फाकी एकमेकींवर बसवणं, मधल्या खिळीसाठी नेमकं भोक पाडणं आणि वरचा दगड हातानं फिरेल इतकाच जड ठेवणं हे इथल्या खडकावरच शिकावं लागलं. घट्ट बेसाल्टमध्ये चुकीचा एक ठोका पडला की फाक दुभंगते, आणि दिवसाची मजुरी गेली.

मग हे कसब कोणाचं? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत वडार समाजाच्या शाखा नोंदल्या आहेत: दगड वाहणारे गाडी वडार, तळी-बांध खोदणारे माती वडार, आणि जाती घडवणारे जाते वडार. टाकी लावत गावोगाव फिरणारे टकारी आणि पाथरवट यांचीही नोंद आहे. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या कारागिरांकडे संशयाने बघायचा पायंडा पाडला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आजही आहेत, आणि भामटा या नोंदीखाली टकारी, पाथरूट, गिरणी वडार अशी नावं दिसतात. घराघरातलं जातं ज्यांच्या टाकीवर चाललं, त्यांच्याच नावांची यादी पोलिसांच्या कागदातून वारशाने आली आहे. हातात टाकी घेऊन दारी येणाऱ्याची आठवण घरात का उरली नाही, याचं उत्तर निदान अर्धं तरी इथे आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याची कहाणी कोण जपणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. जात्याशी जोडलेली खरी मेहनत बायकांची. पहाटे उठून दळण्याचा तो जाच, आणि त्यातूनच आलेली ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता 'परी' या संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या नावा-गावासह ऐकता येतात. गाणारणींना मिळालेलं हे श्रेय उशिरा का होईना मिळालं, त्यात पाथरवटाला घुसवू नये, असं कोणी म्हणेल. पण त्याचं नाव घेतल्याने गाणारणीचं काही कमी होत नाही. उलट तिच्या कष्टाचं माप नेमकं कळतं, कारण बोथट जात्यावर तेच दळण कितीतरी जड जातं. टाकी वेळेवर लागली की नाही, यावर तिच्या खांद्याची पहाट ठरत असे. ओव्यांत जात्याला देव म्हटलं जातं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, जिच्यासोबत विठ्ठल दळायला बसला अशी कथा आहे. देव दळू लागला हे भाविकाला पटतं, पण ते जातं घडवलं कोणी हा प्रश्न त्या कथेत उपस्थित होत नाही. कथेला त्याची गरज नसेल, इतिहासाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. वडार, टकारी फिरते. मग त्यांचा वारसा भाटघरचा कसा? स्थानिक म्हणजे सात-बाऱ्यावर नाव असलेला, असा अर्थ घेतला तर आक्षेप बिनतोड आहे. पण या खोऱ्यांत दगडाचं काम कुठे झालं ते डोंगरावर कोरलेलं आहे. सह्याद्रीतल्या गडांवर पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला लागे. म्हणजे खाण आणि हौद एकाच घावात. भाटघरसारखी धरणं, घाटरस्ते आणि पूल ही त्या कामाची पुढची पायरी. दगडफोड्यांच्या टोळ्यांवाचून असं काम उभं राहत नव्हतं, आणि ते झालं की टोळी पुढे जाई. घर हललं म्हणून केलेलं काम परकं होत नाही. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की बुडालेली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात आणि ती पाहायला लोक येतात, तेव्हा तो दगड आपला हे कोणाला सांगावं लागत नाही.

जातं बंद पडलं याचं मात्र दुःख करण्यात अर्थ नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांची पहाट सुटली, हे चांगलंच झालं. गिरणीलाही सुरुवातीला दगडच होते, त्यांनाही टाकी लागे, त्यामुळे कसबाला थोडी मुदत मिळाली. कृत्रिम कुरुंदाचे दगड आले तशी ती आटली. पुढे दगडफोड्यांचा बराचसा वर्ग शहराभोवतीच्या खडी क्रशरवर गेला. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतल्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने १९९७ मध्ये पाषाण शाळा सुरू केल्या, त्या याच स्थलांतराच्या दुसऱ्या टोकाला. क्रशरला जातं घडवणारा हात लागत नाही, नुसता फोडणारा पुरतो. उरलेली जुनी जाती आता परसात पडलेली, तुळशीपाशी टेकवलेली किंवा हॉटेलच्या दारात सजावटीला ठेवलेली दिसतात. त्यांच्या दोन्ही तोंडांवर शेवटची टाकी अजून वाचता येते. ठोके दाट की विरळ, ओळीत की विखुरलेले, दगड कुठल्या थरातला, हे सगळं नोंदवण्याजोगं आहे. ओव्यांची नोंद जशी गावानुसार झाली तशी ही टाकीची नोंद भोर, वेल्हे आणि मुळशीत झाली, तर एकाच हाताच्या खुणा कोणकोणत्या गावांत सापडतात ते कळेल, आणि कागदांनी ज्यांची पायवाट ठेवली नाही त्यांची ती दगडांवरून काढता येईल.