छावणीपासून रेसिडेन्सीपर्यंत

केंद्र सरकारच्या सेवेनिमित्त लखनऊ छावणीत वास्तव्य असताना, पुण्याहून आलेल्या एका जुन्या स्नेह्यासमवेत आम्ही येथील इतिहासस्थळे पाहिली. छावणीलगतची दिलकुशा कोठी नवाब सआदत अली खान यांच्या काळातील. २४ नोव्हेंबर १८५७ रोजी सेनापती हॅवलॉकचे निधन येथेच झाले.

रेसिडेन्सीच्या आवारात ४ जुलै १८५७ रोजी मृत्यू पावलेल्या हेन्री लॉरेन्सची कबर आहे. बचाव करताना पडलेल्यांची नावे तेथील शिळांवर कोरलेली आढळतात. वेढा घालणाऱ्या हजारो शिपायांची मात्र आढळत नाहीत. १९५७ मध्ये समोरच गोमतीकाठी उभारलेले शहीद स्मारक ही उणीव काही अंशी भरून काढते.

आम्हा मराठी माणसांना बिठूरचे नानासाहेब पेशवे परिचित असतात. अवधच्या बेगम हजरत महल तितक्या नसतात. वस्तुतः दोघेही एकाच लढ्यातील. पराभवानंतर दोघांनीही नेपाळचा आश्रय घेतला, आणि १८७९ मध्ये बेगमेचा अंत काठमांडूत झाला.

येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना सुटीत शनिवारवाडा अवश्य दाखवावा. परंतु त्याआधी रेसिडेन्सीही दाखवावी. तोही त्यांच्याच पूर्वजांचा इतिहास आहे.