मेलामाइनची भांडी

मेलामाइनची भांडी म्हणजे मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून मिळणाऱ्या रेझिनापासून साच्यात घडविलेली, अन्न वाढण्याची भांडी होत. ताटल्या, वाट्या, वाडगे, डाव आणि तबके अशा अनेक रूपांत ती आढळतात. वजनाला हलकी, चकचकीत आणि सहसा न फुटणारी असल्यामुळे साधी उपाहारगृहे, खानावळी व वसतिगृहांची भोजनगृहे यांत चिनी मातीच्या भांड्यांऐवजी त्यांचा वापर होतो. ही भांडी वाढण्यासाठी असतात, शिजविण्यासाठी नव्हेत. त्यांच्या बाबतीत टिकाऊपणा आणि अन्नसुरक्षा हे प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. कारण ज्या गोष्टींमुळे वाडग्याचा पृष्ठभाग लवकर खराब होतो, बहुतांशी त्याच गोष्टींमुळे त्यातील द्रव्ये अन्नात उतरतात.

इतिहास

मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांनी १८३४ मध्ये प्रथम तयार केले. त्याचे व्यावहारिक महत्त्व मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, त्यापासून रेझीन बनविण्याच्या पद्धती विकसित झाल्यावर ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने या भांड्यांचा वापर केला. युद्धानंतर अमेरिकन सायनामिड या कंपनीचे ‘मेलमॅक’ हे नाव घरोघरी पोहोचले. अभिकल्पक रसेल राइट यांनी १९५३ मध्ये बाजारात आणलेला ‘रेसिडेन्शियल’ हा संच विशेष गाजला. भारतात वडोदरा येथील गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स ही कंपनी मेलामाइनचे उत्पादन करते.

निर्मिती

रेझिनात शुद्ध सेल्युलोजाचा लगदा आणि रंगद्रव्य मिसळून भुकटी तयार करतात. ही भुकटी तापलेल्या पोलादी साच्यात घालून तिच्यावर मोठा दाब देतात. उष्णतेमुळे रेणू एकमेकांशी जाळीसारखे कायमचे जोडले जातात आणि पदार्थ घट्ट होतो. या प्रक्रियेस परिपक्वन म्हणतात. अशा प्लॅस्टिकला उष्मादृढ प्लॅस्टिक म्हणतात. ते पुन्हा वितळवून नवे भांडे करता येत नाही. नक्षी हवी असल्यास छापील कागद साच्यातच बसवून त्यावर पारदर्शक मेलामाइनचा थर देतात. त्यामुळे नक्षी थराखाली सुरक्षित राहते.

परिपक्वन अपुरे राहिल्यास भांड्यात न जोडलेली द्रव्ये शिल्लक राहतात. असे भांडे लवकर निस्तेज होते आणि त्यातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांचे प्रमाणही वाढते.

उपाहारगृहासाठी निवड

बाजारात यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनाची स्वस्त भांडीही मिळतात. काहींचा गाभा यूरिया रेझिनाचा असून वर केवळ मेलामाइनचा पातळ थर असतो. नवी असताना ती खऱ्या मेलामाइनसारखीच दिसतात. परंतु यूरिया रेझीन गरम पाण्यापुढे कमी टिकते. उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवल्यावर चकाकी जाणे, पृष्ठभाग फुगणे किंवा उग्र वास येणे ही निकृष्ट मालाची चिन्हे होत. ही चिन्हे न दिसणे म्हणजे भांडे सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणीचा अहवाल पाहावा लागतो. ‘बांबूची’ म्हणून विकली जाणारी अनेक भांडीही वस्तुतः बांबूची भुकटी मिसळलेल्या मेलामाइन रेझिनाचीच असतात.

टिकाऊ वाडग्याची जाडी सर्वत्र सारखी असते, काठ गोलसर व भरीव असतो आणि बूड सपाट असते. पातळ, धारदार काठाचा टवका लवकर उडतो. एकात एक रचल्यावर आतील नक्षी घासली जाणार नाही, अशी घडण सोयीची ठरते. हळद व लाल तिखट यांचे डाग फिकट रंगावर उठून दिसतात. गडद रंगात डाग झाकले जातात, परंतु पृष्ठभागाची झीजही चटकन दिसत नाही.

अन्नसुरक्षा

उष्णता, आम्लता आणि संपर्काचा काळ वाढेल तसतसे मेलामाइन व फॉर्माल्डिहाइड अन्नात अधिक उतरतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मेलामाइनची मर्यादा दर किलोग्रॅम अन्नामागे २.५ मिलिग्रॅम, तर फॉर्माल्डिहाइडची १५ मिलिग्रॅम आहे. जर्मनीतील जोखीम-मूल्यांकन संस्थेने ही भांडी ७० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानाच्या अन्नासाठी न वापरण्याची शिफारस केली आहे.

तैवानमधील एक छोटा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा व्यक्तींनी मेलामाइनच्या व चिनी मातीच्या वाडग्यांतून आळीपाळीने गरम शेवयांचे सूप घेतले. पुढील बारा तासांत लघवीवाटे गेलेले मेलामाइन अनुक्रमे सरासरी ८.३५ व १.३१ मायक्रोग्रॅम आढळले. या राशी अल्प आहेत आणि अभ्यासाने आजार सिद्ध केला नाही. मात्र वाडग्यातून मेलामाइन शरीरात जाते, हे त्यातून दिसले. चीनमध्ये २००८ साली मुलांना झालेली विषबाधा दुधात जाणूनबुजून मिसळलेल्या मेलामाइनमुळे होती. तिचा भांड्यांशी संबंध नव्हता.

यावरून वापराची विभागणी ठरते. कोशिंबीर, भेळ, चिवडा, फळे, दहीभात आणि कोमट भाजी यांसाठी मेलामाइनचे वाडगे योग्य ठरतात. उकळता रस्सा, सांबार, टोमॅटोचे सार यांसारखे गरम व आंबट पदार्थ स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात देणे इष्ट असते. मेलामाइन उष्णतेचे मंदवाहक असल्याने वाढणाऱ्याच्या हाताला चटका लागत नाही; त्यामुळे आतील अन्न किती तापलेले आहे, याचा हातावरून अंदाज येत नाही. लोणची व चटण्या या भांड्यांत साठवून ठेवत नाहीत. मायक्रोवेव्ह भट्टीत ती वापरणे अयोग्य आहे.

निगा आणि मोडीत काढणे

धुण्यासाठी मऊ स्पंज व सौम्य साबण पुरेसा असतो. तारेच्या घासणीने ओरखडे उठतात आणि क्लोरीनयुक्त विरंजकाने चकाकी जाते. ओरखड्यांत डाग व तेलकटपणा साचतो. तडा गेलेले, टवका उडालेले किंवा खरखरीत झालेले वाडगे अन्नासाठी वापरण्याजोगे राहत नाहीत. भांडे ‘न फुटणारे’ आहे एवढ्यावरून ते कायम वापरावे असे होत नाही. म्हणून उपाहारगृहात ठरावीक काळाने सर्व वाडगे तपासून खराब झालेले बाजूला काढणे आवश्यक असते.