हौसेचे रंग

मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘तुमच्या चित्रांच्या हौसेविषयी लिहा, पण थोडा इतिहासही येऊ द्या’ असे संपादिकाबाईंनी मला बजावले, तेव्हा मी मनात हसले. हौसेला कसला आला आहे इतिहास? इतिहास असतो तो मोठ्या चित्रकारांचा. पण लिहायला बसले आणि माझी मलाच शंका आली. ज्यांनी पोटासाठी नव्हे, नावासाठी नव्हे, केवळ आनंदासाठी जन्मभर चित्रे काढली, त्यांना इतिहासच नाही, की तो आपणच जपून ठेवला नाही?

आमच्याकडे चित्रकलेला शाळा आणि प्रदर्शने मिळून बराच काळ लोटला आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी भिंतीवर आली. रावबहादुर धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई यांनी १९३१ साली जे. जे.ची पदविका मिळवली. परंतु त्यांच्या घरातच चित्रशाळा होती. बाकीच्या मुलींचे काय?

माझेच सांगते. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र या शब्दांनी आजही माझ्या पोटात थोडे धस्स होते. पुढे शिकायची इच्छा होती. ‘चित्रे काढून कुठे संसार होतो का?’ असे घरात विचारले गेले आणि प्रश्न मिटला. लग्न झाले, मुले झाली, आणि बावीस वर्षे मी ब्रश हाती धरला नाही. यात कोणाला बोल लावावा असे मला वाटत नाही. त्या वेळी सगळ्यांच्याच घरी असे होत असे.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तो दिवस मात्र मी विसरणार नाही. आई चित्रकला कुठे शिकली नव्हती. चैत्रात ती अंगणात चैत्रांगण काढी, नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढी, दिवाळीत रांगोळी घाली. तेवढेच आम्हांला ठाऊक. ट्रंकेत इरकली लुगड्यांच्या खाली जुन्या कॅलेंडरांच्या आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलेली तीस-बत्तीस चित्रे निघाली. परसातली जास्वंद, पाटा-वरवंटा, पाळण्यात झोपलेले मूल. रंग माझ्याच शाळेच्या पेटीतले! रात्री आम्ही झोपल्यावर ती केव्हा तरी बसत असली पाहिजे. निम्म्या कागदांना कसर लागली होती. एकावरही नाव नव्हते, साल नव्हते. पाळण्यातले मूल मी की माझा भाऊ, हे आता कोण सांगणार? त्याच आठवड्यात मी रंगांच्या वड्यांची पेटी विकत आणली. तेव्हा मला सेहेचाळिसावे वर्ष होते.

पुढे आमच्या मंडळाची सहल सातारा जिल्ह्यातील औंधला गेली होती, ती पुष्कळजणींना आठवत असेल. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रे काढीत. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघाले, आणि १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारले. तेथील दालनांतून फिरताना मला सारखी आईची ट्रंक आठवत होती. राजाच्या हौसेला संग्रहालय मिळाले, आईच्या हौसेला लुगड्यांखालची जागा. पंतांना मी दोष देत नाही, उलट त्यांचे ऋण मानते. पण हौस दोघांची सारखीच होती, एवढे त्या दिवशी मला कळले.

मग मी अशी माणसे शोधून वाचू लागले. कलकत्त्याच्या टागोरांच्या घराण्यात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे दोघे थोर चित्रकार. त्यांची बहीण सुनयनीदेवी (१८७५-१९६२). त्यांना कोणी शिकवले नाही. भाऊ रंगवीत ते पाहून, संसार सांभाळून, तिशीच्या सुमारास त्या आपल्या आपण चित्रे काढू लागल्या. १९२२ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात जर्मनीतील बाउहाउस या नामांकित कलाशाळेच्या चित्रकारांबरोबर त्यांचीही चित्रे मांडली होती. खुद्द रवींद्रनाथ साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. कवितेच्या हस्तलिखितातील खाडाखोडीला आकार देता देता त्यांचा हात चित्रात रमला. १९३० साली पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांवर चित्रे काढली.

चर्चिलसाहेबांचे आपल्या देशाशी वागणे कसे होते, ते सांगायला नको. पण १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, डार्डनेल्सच्या अपयशामुळे अधिकारपद गेले, तेव्हा चाळिसाव्या वर्षी ह्या गृहस्थाने ब्रश धरला आणि जन्मभर सोडला नाही. खचलेल्या मनाला रंगांचा आधार होतो, एवढे त्यांच्याकडूनही घ्यावे.

हा आधार कसला, असे मला पुष्कळजणी विचारतात. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कोरा कागद राखून ठेवायचा असतो. कुठे हात लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. संसारात चाळीस वर्षे सगळीकडे हात घालणाऱ्या बाईला हे शिकायला वेळ लागतो! आणि डोळे बदलतात. सावली काळी नसते, तिच्यात निळे-जांभळे असते. दारातल्या कडुनिंबाच्या पालवीत तांबूस छटा असते, हे मला पन्नाशीत दिसले. झाड तर माझ्या लग्नापासून तिथेच उभे होते. माझी चित्रे फार चांगली नाहीत, हे मी जाणून आहे. पण आज पंचाहत्तरी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असता, सकाळी उठायला मला एक कारण असते.

भगिनींनो, एकच मागणे मागून लेख संपवते. आपल्या आईच्या, सासूबाईंच्या ट्रंका एकदा उघडून पाहा. एखादा रंगवलेला कागद, भरतकामासाठी काढलेला आराखडा, रांगोळीची वही सापडली, तर रद्दीत घालू नका. ज्या वडीलधाऱ्या अजून आहेत, त्यांना विचारून मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहून ठेवा. आणि आपण स्वतः काही काढीत असाल, तर त्याच्या मागेही लिहा. मी आता लिहिते. इतिहास म्हणजे आणखी काय असते?