यागी म्हणजे काय?

मुंबईत १९७२ साली दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगावच्या कौलांवर, गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांची एक शिडीसारखी वस्तू उभी राहिली. वादळ झाले की घरातला एक जण वर चढून ती फिरवायचा आणि खालून कोणीतरी ‘आलं, आलं! नाही, गेलं!’ म्हणून ओरडायचे. ती वस्तू म्हणजे यागी-उदा अँटेना. हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’ मंडळी, तिला नुसते ‘यागी’ म्हणतात. यातले ‘उदा’ कुठे गळाले, हे पाहण्यासारखे आहे.

जपानच्या उत्तर भागातील सेंदाई शहरी तोहोकु विद्यापीठ आहे. तेथे हिदेत्सुगु यागी हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. जर्मनीत बार्कहाउझेन, इंग्लंडमध्ये फ्लेमिंग अशा नामवंतांकडे शिकून ते परतले होते. १९२५ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट ध्यानात आली. प्रक्षेपक तारेजवळ कशालाही न जोडलेली दुसरी धातूची दांडी ठेवली, तर लहरी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जाऊ लागतात. यागींचे तरुण सहकारी शिंतारो उदा यांनी हे काम हाती घेतले. दांड्यांची लांबी किती, अंतर किती, संख्या किती, हे सर्व बदलत त्यांनी सुमारे ४.४ मीटर तरंगलांबीवर मोजमापांचा डोंगर रचला. १९२६ ते १९२९ या काळात त्यांनी जपानी भाषेत अकरा लेखांची मालिका प्रसिद्ध केली.

न जोडलेली दांडी काम कसे करते? विज्ञानाच्या शिक्षकांनी एका आडव्या दोरीला वेगवेगळ्या लांबीचे लंबक टांगून एकाला झोका देण्याचा प्रयोग केला असेलच. बाकीचे लंबकही डोलू लागतात. पण झोका देणाऱ्यापेक्षा लांब असलेला मागे रेंगाळतो, आखूड असलेला जवळजवळ बरोबरीने हलतो. अँटेनात नेमके हेच आहे. मधल्या दांडीला तार जोडलेली असते. तिची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी. मागची दांडी थोडी लांब, पुढच्या थोड्या आखूड. प्रत्येकीत उसना विद्युतप्रवाह वाहतो, तीही लहरी सोडते आणि या सगळ्या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींत मिळतात, मागच्या दिशेला एकमेकींना पुसतात. तीन दांड्यांची यागी आपल्या दिशेला एकट्या दांडीच्या सुमारे तिप्पट शक्ती पोचवते. वीज मात्र तेवढीच लागते!

१९२६ साली यागी व उदा यांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. पेटंट मात्र एकट्या यागींच्या नावाने होते. १९२८ साली अमेरिकेत जो इंग्रजी लेख गाजला तोही यागींच्याच नावाने. त्या लेखात यागींनी उदांच्या कामाचा मोकळेपणाने उल्लेख केला आहे, तेव्हा त्यांच्यावर श्रेय लाटल्याचा आरोप करणे मला न्याय्य वाटत नाही. पण जग इंग्रजी वाचत होते आणि शीर्षकाखाली एकच नाव होते.

खुद्द जपानमध्ये कोणाला फारसे कौतुक नव्हते. रेडिओलहरी सोडून शत्रू शोधणे म्हणजे अंधारात कंदील घेऊन आपला ठावठिकाणा दाखवणे, असे लष्करी मंडळींना वाटे. १९४१ साली पेटंटची मुदत वाढवून देण्यासही नकार मिळाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूर पडले. तेथे एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची वही जपान्यांच्या हाती लागली. तीत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. हा शब्द काय, त्याचा उच्चार काय, हे जपानी अधिकाऱ्यांना कळेना. शेवटी त्या कैदी तंत्रज्ञालाच विचारले. हे तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे, असे त्याने सांगितल्यावर ते चकित झाले. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या अणुबाँबवर जमिनीपासूनची उंची मोजणारी रडार यंत्रे होती. त्यांच्या अँटेनाही यागी जातीच्याच होत्या.

युद्ध संपल्यावर ही अँटेना हॅम मंडळींच्या हाती आली आणि नवा प्रश्न उभा राहिला. १४ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे २१ मीटर, म्हणजे प्रत्येक दांडी साडेदहा मीटरच्या आसपास. अशा तीन दांड्या गच्चीवर चढून कोण फिरवणार? अमेरिकेत तेव्हा युद्धातले सामान मोडीच्या भावात विकले जात होते. बाँबफेकी विमानांच्या पंख्याची पाती तिरपी करणारी मोटर त्यात असे. तिच्यातील दातेरी चाके वेग फार कमी करून जोर फार वाढवत. हॅम लोकांनी ती मनोऱ्याच्या माथ्यावर बसवली. रोटरचे खरे काम फिरवणे नव्हेच. वारा अँटेनाला फिरवू पाहतो तेव्हा तिला घट्ट धरून ठेवणे, हे ते काम. नवखा माणूस मोटरचा जोर पाहतो, जाणता ब्रेक पाहतो.

मनोरा उंच का हवा, याचे उत्तर अकरावीच्या त्रिकोणमितीत सापडते. सपाट जमिनीवर मुख्य झोत क्षितिजाशी जो कोन करतो, त्याची साइन म्हणजे तरंगलांबी भागिले उंचीची चौपट. उंची तरंगलांबीच्या निम्मी असेल तर कोन ३० अंश. पूर्ण तरंगलांबीइतकी, म्हणजे या पट्ट्यावर २१ मीटर असेल तर साडेचौदा अंश. झोत जितका आडवा, तितकी आयनांबरापर्यंतची पहिली उडी लांब.

आणि फिरवायचे कुठे? मुंबईहून न्यूयॉर्क गाठायचे असेल तर भिंतीवरचा नकाशा सांगेल पश्चिमेला. पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो मुंबईहून उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे २७ अंशांनी निघतो. वर्गात हे करून दाखवले की मुले क्षणभर गप्प होतात, मग स्वतः दोरा मागतात.

उदांचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सूक्ष्मलहरींचे तज्ज्ञ म्हणून काही वर्षे होते. अभ्यासपूर्ण ग्रंथांत आता ‘यागी-उदा’ असे जोडनाव लिहितात. बाजारात आणि हॅमच्या बोलण्यात मात्र ‘यागी’च चालते. दोघेही १९७६ साली वारले. जानेवारीत यागी आणि ऑगस्टमध्ये उदा.