धुरकरी : शर्यतीच्या गाडीवरील एक उपेक्षित व्यवसाय

शर्यतीचा इतिहास लिहिताना श्रेय वाहनाला द्यावे की ते हाकणाऱ्याला, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. मोटारींच्या जागतिक स्पर्धेने त्याचे उत्तर प्रारंभीच दिले. फॉर्म्युला वनमध्ये चालकांचे अजिंक्यपद १९५० साली सुरू झाले. मोटार बांधणाऱ्यांचे १९५८ साली. म्हणूनच मुंबईच्या जेहान दारूवाला यांनी २०२० साली बहरीनमधील साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, तेव्हा तो विजय त्यांच्या नावावर नोंदला गेला. महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीत मात्र याच्या उलट प्रकार आढळतो. जोडी गाजते ती बैलांच्या व मालकाच्या नावाने. कासरा धरणाऱ्याचे नाव क्वचितच टिकते.

विदर्भातील शंकरपटात हलक्या छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू, किंवा गाडीचा जुवाकडील पुढचा भाग. त्यावरून भार व अग्रस्थान हे अर्थ आले. 'धुरंधर', 'धुरीण' आणि 'कारभाराची धुरा' ही सारी याच कुळातील होत. ज्या शब्दकुळाने नेत्याला मान दिला, त्याच कुळातील प्रत्यक्ष धुरेवर बसणारा मात्र अनामिक राहिला. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील प्रसिद्ध शंकरपटात स्त्रियाही जोडी हाकतात. त्यामुळे हे कौशल्य केवळ पुरुषांचे, असेही म्हणता येत नाही.

शर्यतीतील या कौशल्याचे मूळ रोजच्या वाहतुकीत आहे, आणि त्या दृष्टीने खानदेशाचा विचार उपयुक्त ठरतो. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला चोपडा तालुका हा कापसाचा मुलूख. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) खानदेशी कापसाला मागणी वाढली. त्या काळी शेतातून बाजारापर्यंत माल नेण्याचा भार गाडीवानावरच होता. बैलाची चाल ओळखणे, कासरा केव्हा आवळावा व केव्हा सैल सोडावा हे जाणणे, ही त्याची विद्या होय. ती पोथीत नव्हती, हातात होती. पुढे मोटार आणि ट्रॅक्टर आले, गाडीवानाचा रोजचा व्यवसाय आकुंचित झाला, आणि ती विद्या मुख्यतः शर्यतीच्या आश्रयाने राहिली.

हा आश्रयही अस्थिर ठरला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती बंदच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त अनुमती दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

या दुरुस्तीतील शर्यतीची व्याख्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी. तीत बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट ही तीन नावे येतात. आणि गाडीवान असो वा नसो, ती शर्यतच मानली जाते. यास कारण आहे. पुणे जिल्ह्यातील घाटाच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी धावते आणि गाड्यावर बहुधा कोणी नसते. सर्व प्रकार एका व्याख्येत बसविताना माणूस ऐच्छिक ठरला. परंतु जेथे धुरकरी असतो, तेथे बैलाला क्लेश होतो की नाही, हे प्रथम त्याच्याच हातावर अवलंबून असते. ज्याच्यावर नैतिक जबाबदारी सर्वांत अधिक, त्याचीच ओळख सर्वांत पुसट, ही विसंगती होय.

तेव्हा शर्यतीच्या नोंदीत बैल व मालक यांच्याबरोबर धुरकऱ्याचेही नाव असावे. नाव नोंदले म्हणजे श्रेय मिळते, तसेच उत्तरदायित्वही निश्चित होते. बोलीच्या अभ्यासकांपुढे आणखी एक काम आहे. बैलाला चालविण्याचे, वळविण्याचे व थांबविण्याचे जे उद्गार आणि गाडीच्या अवयवांची जी नावे खानदेशातील वृद्ध गाडीवानांच्या तोंडी आहेत, त्यांचा संग्रह झाला पाहिजे. शर्यत कायद्याने पुन्हा सुरू झाली. पण हे शब्द एकदा लोपले, तर कोणत्याही दुरुस्तीने ते परत येणार नाहीत.