नकाशा आणि सातबारा यांची गाठ

यवतमाळजवळच्या लोहारा गावाचा शेतनकाशा पाहा. त्यावर रेषा असतात आणि आकडे असतात. शेत कोणाचे, कोरडवाहू की ओलिताचे, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हे कळायला सातबारा काढावा लागतो. दोन्ही कागद वेगळे. त्यांची गाठ एकच, भूमापन क्रमांक.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात ही मोजणी बसवली. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८६० नंतर हीच पद्धत तेथे पोचली. ३३ फुटांची साखळी, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. पुढे वाटण्या झाल्या तरी ४५ चे ४५/१, ४५/२ होत गेले. गाठ सुटली नाही.

१९९० च्या दशकात शेपफाइल आली. ही नावाला एक, पण प्रत्यक्षात किमान तीन फायली: आकृत्यांची, त्यांच्या अनुक्रमणिकेची आणि माहितीच्या तक्त्याची. यात आकृती व माहिती केवळ क्रमाने जुळतात. पाचवी आकृती, पाचवी ओळ. तक्ता उघडून कोणी नावे अकारविल्हे लावली, की एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर! विंगेटच्या कारकुनाला हे पटले नसते. शिवाय स्तंभाच्या नावाला जागा दहा बाइटांची. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणून ‘भोगवटादार’चे ‘भोग’ उरते आणि ‘भोगवटा वर्ग’चेही ‘भोग’च.

‘आर’ या संगणकभाषेत २००५ च्या ‘एसपी’ संचाने आकृत्या एका कप्प्यात व तक्ता दुसऱ्या कप्प्यात ठेवला. रूपांतर करताना नुसत्या आकृत्या उचलल्या, तर माहिती मागेच राही. २०१६ च्या ‘एसएफ’ संचाने आकृतीलाच तक्त्याचा एक स्तंभ केले. आम्हाला ही सुधारणा मोठी वाटते. जणू सातबाऱ्यावरच शेताचा नकाशा काढला. तरीही निकाल शेपफाइलमध्ये लिहिला, की नावे पुन्हा कापली जातात. त्यापेक्षा ‘जिओपॅकेज’ बरे.

गाठीचा स्तंभ मात्र अक्षरी ठेवावा. हिशेबाच्या तक्त्यात ५/२ ची तारीख होऊन बसते. गावाच्या नावावरही विसंबू नये, धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुकाच आहे. गावाचा संकेतांक घ्यावा.

वर्गात हे दाखवायला संगणक लागत नाही. फळ्यावर पाच शेते काढा, मालकांच्या पाच चिठ्ठ्या क्रमांक न घालता ओळीने मांडा आणि एका विद्यार्थ्याला त्या अकारविल्हे लावायला सांगा.